इंजिनाचं वजन, ड्राइव्हची ट्रिम आणि नाचणारी बोट – जाणकारांनी प्रकाश टाकावा

एरीकाठचा

नमस्कार मंडळी. इथे गाड्यांवर, सायकलींवर, झालंच तर कुकरच्या शिट्टीवरसुद्धा शतकी धागे निघालेत, पण बोटीवर एकही सापडला नाही म्हणून मीच काढतोय.

मी क्लीव्हलंडला असतो, लेक एरी घरापासून जवळच. गेल्या सीझनच्या शेवटी एक जुनी २२ फुटी परफॉर्मन्स बोट घेतली. डीप-व्ही हल (म्हणजे खोल व्ही आकाराचं बूड), मागे डेडराइज (त्या व्हीचा उतार) २४ अंश, एकच इंजिन आणि स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत, पंख्याचा पाय मागे बाहेर). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण दोष बोटीचा आहे असं मला वाटत नाही. मुळात तिच्यात ५.७ लिटरचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ होतं, आधीच्या मालकाने ते काढून ८.२ लिटरचं बिग ब्लॉक बसवलं, ३८० हॉर्सपॉवर. ऐकायला झकास, आवाज तर विचारूच नका, पण बोट चालवायला घेतली की तीन नखरे करते.

एक, जागेवरून थ्रॉटल दिला की नाक आभाळाकडे जातं आणि बराच वेळ खाली येतच नाही, पुढचं पाणी दिसत नाही. दोन, ३५ ते ४० मैलाच्या मध्ये आली की डुलायला लागते, म्हणजे नाक वर-खाली वर-खाली, पाणी एकदम सपाट असलं तरी. ड्राइव्ह आत घेतली (म्हणजे ट्रिमच्या बटणाने पंख्याचा पाय बोटीकडे झुकवला) की डुलणं थांबतं, पण मग बोट जड वाटते, पाणी पार पुढच्या सीटच्या बाजूने उडतं आणि स्टिअरिंग नको तिकडे ओढतं. तीन, ६० च्या वर ट्रिम बाहेर काढली की आधी डावीकडे कलते आणि मग या कुशीवरून त्या कुशीवर अशी झोके घ्यायला लागते. तेव्हा मात्र फाटते.

पूर्ण थ्रॉटलला ४८०० आरपीएम, जीपीएसवर ६८ मैल, गिअर रेशो १.५, पंखा २६ इंच पिचचा (एका फेऱ्यात कागदावर २६ इंच पुढे नेणारा), चार पात्यांचा. इथला मेकॅनिक म्हणतो ट्रिम टॅब (मागच्या कडेला लावायच्या हलत्या पट्ट्या) लाव, दुसरा म्हणतो पंखा बदल, तिसरा म्हणतो तुला चालवता येत नाही. तुमचं काय मत?

चक्रम_बुवा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आधी हे सांगा की पेट्रोल किती पिते, म्हणजे आमच्या जळण्याला दिशा मिळेल.

एरीकाठचा

बुवा, पूर्ण थ्रॉटलला तासाला सव्वाशे लिटरच्या आसपास. पण पूर्ण थ्रॉटलला तासभर कोण चालवतो, दोन मिनिटांत मन भरतं आणि खिसा रिकामा होतो.

देवबागकर

मालवणात पर्यटकांच्या बोटी चालवतो, पॅरासेलिंग पण आसा. तुमची बोट म्हणजे आमच्या दृष्टीने विमानच, पण दुखणं ओळखीचं आहे. आमच्याकडे फायबरच्या बोटीला पूर्वी टू-स्ट्रोक चाळीसचं इंजिन असायचं, ७०-७५ किलोच्या आसपास. आता लोक त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक लावतात, ते नव्वदच्या वर जातं. आवाज कमी, धूर नाही, पेट्रोल कमी, सगळं बरोबर. पण जुन्या बोटीला लावलं की पहिल्या दिवशीच तांडेल (बोट चालवणारा) बोंब मारतो की नाळ (पुढचं टोक) खाली बसत नाही. मग आम्ही काय करतो, पेट्रोलचे कॅन आणि नांगर उचलून पुढे टाकतो, एखादा पोरगा नाळेत बसवतो. झालं काम. तुम्ही पण आधी पाठचं वजन पुढे टाकून बघा, टॅब-बिब नंतर.

बैलगाडी बघितलीत ना, माल मागे जास्त भरला की गाडी उलार होते, बैलाच्या मानेवरचं जू वर जातं. तुमची बोट उलार झाली आहे, दुसरं काही नाही.

नौशिल्पी

देवबागकरांनी एका शब्दात निदान केलं. थोडी आकडेमोड करतो, कंटाळा आला तर खालचे परिच्छेद सोडून द्या.

५.७ चं इंजिन-ड्राइव्हसकट आणि ८.२ चं इंजिन-ड्राइव्हसकट यात साधारण शंभर ते सव्वाशे किलोचा फरक पडतो, आपण ११० धरू. बोट पेट्रोल आणि दोन माणसांसकट १९०० किलोची होती असं समजू, आणि तिचा गुरुत्वमध्य ट्रान्समपासून (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीपासून) २.२ मीटर पुढे. इंजिनाचा स्वतःचा मध्य ट्रान्समपासून फार तर ७० सेंटीमीटर. म्हणजे वाढलेले ११० किलो जुन्या गुरुत्वमध्याच्या दीड मीटर मागे आले. ११० गुणिले १.५ भागिले २०१०, उत्तर ८ सेंटीमीटर. तुमचा गुरुत्वमध्य चार बोटं मागे सरकला.

चार बोटांनी काय होतंय असं वाटेल. पण ही बोट वेगात असते तेव्हा २२ फूट पाण्यात नसतात हो. प्लेनिंगवर आली (वेगाने पाण्यावर उचलून घसरायला लागली) की पाण्याला टेकतो तो मागचा सात-आठ फुटांचा तुकडा, आणि वेग वाढेल तसा तोही आखडत जातो. पाण्याचा वर ढकलणारा जोर त्या तुकड्यातून येतो आणि तो गुरुत्वमध्याच्या जवळपास खालीच यावा लागतो. गुरुत्वमध्य मागे गेला की हल जास्त कोनात उभी राहते, ओला भाग अजून आखडतो आणि एका मर्यादेपुढे बोट स्थिर राहू शकत नाही. नाक उचललं, ओला भाग कमी झाला, आधार गेला, नाक पडलं, ओला भाग वाढला, परत उचललं. हेच तुमचं डुलणं, पॉरपॉइझिंग. डॅनियल सॅवित्स्की यांनी १९६४ साली प्लेनिंग हलवर जो निबंध लिहिला त्यात या मर्यादेचे आलेख आहेत, डेडराइज आणि भार बघून किती कोनापर्यंत बोट शांत राहील ते काढता येतं. साठ वर्षं झाली, अजून आम्ही तिथूनच सुरुवात करतो. हे काम झालं न्यू जर्सीत होबोकनच्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे तिथल्या आपल्या मंडळींच्या अगदी शेजारी.

आता ट्रिम. तुमच्या वेगाला पंख्याचा रेटा ढोबळमानाने ५७० किलो येईल (३८० हॉर्सपॉवरमधले साठ टक्के कामी येतात असं धरून, ६८ मैलाला). ड्राइव्ह ५ अंश बाहेर काढली तर त्यातले ५० एक किलो बोटीचं मागचं टोक खाली दाबायला लागतात, ५ अंश आत घेतली तर तेवढेच ते उचलायला. पंखा गुरुत्वमध्यापासून पावणेतीन मीटर मागे आहे. ५० गुणिले पावणेतीन, १४० किलो-मीटर. आणि इंजिनाच्या जादा वजनाचा हिशोब ११० गुणिले दीड, १६५. म्हणजे त्या इंजिनाने जे बिघडवलं ते भरून काढायला तुम्ही पाच-सहा अंश ट्रिम कायम खर्च करताय.

माझा मुद्दा इथे आहे. ट्रिमचा जोर थ्रॉटलवर अवलंबून. थ्रॉटल सोडला की तो जोर गायब, लाटेवर पंखा हवेत आला की गायब. वजन मात्र सदैव तिथेच. म्हणून वजनाची चूक ट्रिमने झाकायला गेलात की बोट सरळ रेषेत, ठराविक वेगाला शहाण्यासारखी वागते आणि नेमकी गडबडीच्या क्षणी उलटा चेहरा दाखवते. वजन गोदीत जुळवायचं, ट्रिम पाण्यात वापरायची.

कुर्ला_ते_कुलाबा

मस्त प्रतिसाद. माझा एक बाळबोध प्रश्न. २०१७ च्या मार्चमध्ये मरीन ड्राइव्हला पॉवरबोटची रेस झाली होती तेव्हा आम्ही कट्ट्यावर उन्हात बसून बघितली. सरळ पट्ट्यात त्या बोटींचा पुढचा अर्धा भाग हवेत असायचा आणि बोयाजवळ (पाण्यातल्या तरंगत्या खुणेजवळ) आल्या की एकदम नाक खाली घालून वळायच्या. मला वाटलं ब्रेक मारतात. ते ट्रिमच का?

नौशिल्पी

ब्रेक नसतो, थ्रॉटल थोडा कमी आणि ट्रिम आत. सरळ जाताना नाक वर ठेवायचं म्हणजे पाण्याशी घासणारा भाग कमी, वेग जास्त. वळताना मात्र पाण्यात धरून ठेवणारी कड हवी आणि पंख्याला घट्ट पाणी हवं. ट्रिम बाहेर ठेवून वळलात की बोट कलते, पंखा पृष्ठभागाजवळ येतो, हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि बोट नुसती घसरत जाते. त्या मुंबईच्या पँथर बोटींना मागे २५० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (बोटीबाहेर लटकणारं इंजिन) होतं.

याच्या टोकाला फॉर्म्युला वनच्या बोटी, २०१८ च्या नोव्हेंबरात अमरावतीला कृष्णेत आल्या होत्या त्या. अख्खी बोट ३९० किलोच्या आसपास, त्यात इंजिनच ११८. जवळजवळ तिसरा हिस्सा वजन एकदम मागच्या टोकाला. तरी ती चालते, कारण दोन बाजूंच्या तरफ्यांमधल्या बोगद्यात हवा दाबली जाते आणि पुढचा भार हवा उचलते. चालक स्टिअरिंगवरच्या बटणांनी ट्रिम सतत आत-बाहेर करत असतो. क्षणभर जास्त बाहेर गेली तर नाकाखाली हवा शिरते आणि बोट उलटी मागे पलटते.

चक्रम_बुवा

म्हणजे इंजिन मागे हवंही आणि नकोही. बायकोच्या माहेरच्यांसारखं.

अॅडमिन_नाही_मी

बुवा, आवरा.

दुबईकर_मिलिंद

मी इथे मरिनात कामाला आहे, रोज हेच बघतो. एरीकाठचा, सरळ स्टर्नड्राइव्ह काढून टाका आणि आउटबोर्ड लावा. मर्क्युरीचं ४.६ लिटर व्ही-८ तीनशे हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक २३९ किलोच्या आसपास भरतं, तुमचं बिग ब्लॉक ड्राइव्हसकट ५०० च्या वर असेल. अर्ध्याहून जास्त वजन गेलं, विषय संपला. ट्रिमची रेंज पण जास्त मिळते आणि वर-खाली करायला जॅकप्लेट लावता येते.

नौशिल्पी

मिलिंदभाऊ, वजन अर्ध्यावर येईल पण विषय संपणार नाही. आउटबोर्ड ट्रान्समच्या मागे लटकतं, जॅकप्लेट किंवा ब्रॅकेट धरून त्याचा मध्य अर्धा मीटर मागे. बोटीच्या गुरुत्वमध्यापासून अंतर झालं २.७ मीटर. २३९ गुणिले २.७ म्हणजे ६४५ च्या घरात. आणि आतलं इंजिन ५०० किलो, अंतर दीड मीटर, म्हणजे ७५०. वजन निम्म्याहून कमी झालं आणि मागे दाबणारा जोर फक्त सातव्या हिश्श्याने कमी झाला. वर पोटातलं वजन गेलं म्हणून बोट वरजड होणार ते वेगळंच, आउटबोर्डचं इंजिन पाण्यापासून बरंच उंच असतं. करू नका असं नाही, पण ट्रान्समची ताकद आणि टाकीची जागा बघितल्याशिवाय करू नका. खर्च पण बोटीच्या किमतीएवढा येईल.

दुबईकर_मिलिंद

हे मान्य. इथे ते ६०० हॉर्सपॉवरचं व्ही-१२ आलंय ना, २०२१ मध्ये आलं ते, एकेक ५७२ किलो. लोक चार-चार लावतात, म्हणजे सव्वादोन टनाच्या वर लोखंड ट्रान्समच्या मागे. त्या बोटी मुळातच तेवढ्या वजनासाठी बांधलेल्या असतात, बुडाचा आकार, टाक्या, सगळं पुढे घेऊन. गंमत म्हणजे त्यात वळताना अख्खं इंजिन फिरत नाही, खालचा गिअरकेस तेवढा वळतो. इंजिनच मधल्या मध्ये जागेवर राहिलं की वजन पण हलत नाही. जुन्या बोटीला असलं काही लावायचा विचार पण करू नये.

जॅकप्लेटबद्दल एक. इंजिन वर उचललं की गिअरकेसचा कमी भाग पाण्यात राहतो, वेग वाढतो हे खरं. पण वॉटर प्रेशरचं गेज नसेल तर हात लावू नका. थंड पाणी ओढायची भोकं वर आली की इंजिन शिजतं, आणि हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. आमच्याकडे असली इंजिनं नेमाने येतात, मालक दरवेळी म्हणतो अचानक झालं.

एरीकाठचा

सगळ्यांचे आभार, इतकं वाचून डोकं गरगरलं पण मजा आली. नौशिल्पी, तुमचा आकडा अंदाजाचा आहे तर खरा कसा काढायचा? बोट काय तराजूत घालणार?

नौशिल्पी

हो, तराजूतच. ट्रेलरवर असते ना. हायवेवर ट्रकचा वजनकाटा असतो तिथे जा. आधी बोटीसकट ट्रेलर, चाकांवर किती आणि हुकवर किती ते वेगळं घ्या. मग बोट पाण्यात सोडून रिकाम्या ट्रेलरचं तसंच. वजाबाकी केली की बोटीचा भार चाकांवर किती आणि हुकवर किती ते आलं. हुक ते चाकांच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा, हुकवरचा बोटीचा भार गुणिले ते अंतर, भागिले बोटीचं एकूण वजन. चाकांच्या पुढे गुरुत्वमध्य किती ते मिळालं. त्यात ट्रान्सम चाकांच्या किती मागे आहे ते मिळवा. टाकी किती भरली आहे ते लिहून ठेवा, पेट्रोल लिटरला पाऊण किलो, २०० लिटरची टाकी भरली की दीडशे किलो झाले.

आणि तिथेच बोट ट्रेलरवर असताना एक सरळ लोखंडी पट्टी बुडाच्या शेवटच्या चार-पाच फुटांना लावून बघा. मधे फट दिसली, म्हणजे मागचं टोक खाली वळलेलं असलं, तर नाक दाबलं जातं, वेग जातो. उलट पोट सुटल्यासारखं फुगलेलं असलं तर पॉरपॉइझिंग तिथूनच येतंय, मग वजन हलवून फार उपयोग नाही. ट्रेलरच्या फळ्या चुकीच्या जागी असतील तर वर्षानुवर्षं उभं राहून बुडाला हा आकार येतो.

देवबागकर

ही पट्टीची गोष्ट आमच्याकडे कोणीच करत नाही. आमच्या बोटी वाळूवर ओढतात, बुडाचा आकार देवालाच माहीत. उद्या बघतो.

ऑर्फियस

अवांतर, पण धागा वाचून राहवलं नाही. इंजिन बदललं की वजनाची सगळी मांडणी बदलते याचं सगळ्यात मोठं उदाहरण डोनाल्ड कॅम्पबेलची ब्लूबर्ड के-७. पाण्यावरचा वेगाचा विक्रम तिने अनेकदा मोडला, जेट इंजिन होतं, मेट्रोपॉलिटन-विकर्सचं बेरिल. १९६६ मध्ये ते काढून ब्रिस्टलचं ऑर्फियस बसवलं, ते नॅट विमानाचं. आपल्या हवाई दलाचं नॅट आणि एचएएलचं मरुत दोन्हीत ऑर्फियसच होतं, म्हणून माझं हे नाव. तर नव्या इंजिनानंतर कॉनिस्टन लेकवर ती बोट धड चालेना, वजनाची मांडणी परत परत बदलावी लागली तेव्हा कुठे वेगाच्या फेऱ्या सुरू झाल्या. ४ जानेवारी १९६७ ला पहिली फेरी २९७ मैलांच्या वर झाली, परतीच्या फेरीत नाक उचललं गेलं, बोट मागे पलटली आणि कॅम्पबेल गेला. का उचललं यावर अजून वाद चालू आहेत, ते इथे नको.

कुर्ला_ते_कुलाबा

बाप रे. हे अवांतर नाही, हेच मुख्य.

नौशिल्पी

एरीकाठचा, वजनकाट्याला जाईपर्यंत तुमच्या तिसऱ्या नखऱ्याबद्दल, झोके घेण्याबद्दल. याला चाइन वॉकिंग म्हणतात. २४ अंशांची व्ही जोरात पळते तेव्हा मधल्या धारेवर आणि जेमतेम तळहाताएवढ्या बुडावर उभी असते, आजूबाजूला आधार नाही. उजव्या हाताने फिरणारा पंखा बोटीला उलट्या बाजूने, म्हणजे डावीकडे लोटतो, म्हणून आधी डावीकडे कलते. मग डावी बाजू पाण्याला टेकून उसळते, उजवीकडे जाते, तिथून परत. सुरू झालं की स्टिअरिंग जोरात फिरवू नका, त्याने झोका वाढतो. थ्रॉटल एकदम पूर्ण सोडू पण नका, नाक धपकन पडेल. ट्रिम एक टिचकी आत, थ्रॉटल किंचित कमी, थांबतं. आणि स्टिअरिंगचं चाक जागेवर धरून ड्राइव्ह हाताने हलवून बघा, खेळ असेल तर आधी तो काढा. जुन्या केबलच्या स्टिअरिंगमध्ये ड्राइव्ह स्वतःच थोडी डावी-उजवी होत राहते, तुम्ही कितीही कुशल असा. ६० च्या वर नेहमी चालवणार असाल तर पूर्ण हायड्रॉलिक स्टिअरिंग, ट्रिम टॅबच्या आधी.

अजून एक धोक्याची गोष्ट, कारण तुम्ही लिहिलंय की डुलणं थांबवायला ड्राइव्ह आत घेता. ४० च्या खाली ठीक आहे. ६० ला पूर्ण आत घेतलीत तर पुढची धार पाण्यात घुसते, नाक रुतून बसतं आणि मागचं टोक गरकन पुढे येतं. माणसं बोटीच्या बाहेर फेकली जातात ती अशी. किल स्विचची दोरी (चालक पडला तर इंजिन बंद करणारी) लावताच ना? तुमच्याकडे २०२१ च्या एप्रिलपासून २६ फुटांच्या आतल्या बोटींना कायद्यानेच लागते.

एरीकाठचा

दोरी लावतो आणि लाइफ जॅकेट पण घालतो, बायकोची अट आहे. बोट तिच्या परवानगीने पाण्यात जाते.

वजनकाटा करून आलो. बोट २०९० किलो निघाली, म्हणजे तुमच्या अंदाजापेक्षा ८० जास्त. हुकवर बोटीचा भार १७० किलो, हुक ते चाकं साडेपाच मीटर, ट्रान्सम चाकांच्या १.६ मीटर मागे. माझ्या हिशोबाने गुरुत्वमध्य २.०५ मीटर, चार बोटं नाही तर चांगला पंधरा सेंटीमीटर मागे. मागची सीट उचलून बघितली तर ८० किलो सापडले. आधीच्या मालकाने दोन मोठे सबवूफर, दोन अॅम्प्लिफायर आणि त्यांच्यासाठी वेगळी बॅटरी बसवली आहे, सगळं ट्रान्समपासून दोन फुटांवर. बूड पट्टीला सरळ निघालं, तेवढं नशीब.

चक्रम_बुवा

म्हणजे बोट ट्रिममुळे नाही, डीजेमुळे नाचत होती.

देवबागकर

हा हा. बुवांना पहिल्यांदा मानलं.

नौशिल्पी

सबवूफर विका. आणि दोन्ही मुख्य बॅटऱ्या पुढच्या सीटखाली न्या. मागून पुढे चार मीटर, दोन बॅटऱ्यांचे ५० किलो. ५० गुणिले ४ भागिले २०९०, साडेनऊ सेंटीमीटर. अख्ख्या बिग ब्लॉकने जेवढं मागे खेचलं त्याहून जास्त पुढे आलं, आणि बोटीत एक किलोसुद्धा वाढवला नाही. फक्त स्टार्टरची केबल आता लांब होणार, ती जाड घ्या, बारीक घेतलीत तर थंड सकाळी स्टार्टर नुसता खट्-खट् करेल. बॅटरीजवळ फ्यूज टाका आणि बॅटऱ्या पट्ट्याने घट्ट आवळा, नाकाकडे लाटेचे धक्के जास्त बसतात.

पंख्याला आत्ता हात लावू नका. तुमचे आकडे बघितले, ४८०० ला २६ पिच आणि १.५ रेशो म्हणजे कागदावर ७९ मैल यायला हवे, येतात ६८. घसर (पंखा पाण्यात वाया घालवतो तो वेग) १४ टक्क्यांच्या आसपास. थोडी जास्त आहे, वाईट नाही. वजन हलवल्यावर परत मोजा. मग पंखा. जास्त रेकचा (पाती मागे जास्त झुकलेला) पंखा नाक उचलतो, ते तुम्हाला आता नको आहे.

दुबईकर_मिलिंद

+१. आणि ट्रिमच्या गेजवर विश्वास ठेवू नका, जुने सेंडर (गेजला ड्राइव्हचा कोन कळवणारे) काहीही दाखवतात. ट्रेलरवर असताना ड्राइव्ह बुडाला समांतर आणा, गेजवर काटा कुठे आहे तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्या. तो तुमचा शून्य.

एरीकाठचा

अपडेट देतो. डीजे उतरवला, एक पोरगा घेऊन पण गेला. बॅटऱ्या पुढे गेल्या, केबल जाड टाकली, मिलिंदभाऊंचा ठिपका पण दिला (लाल, घरातूनच घेतला). शनिवारी सकाळी वारा नव्हता तेव्हा पाण्यात सोडली.

सुरुवातीला नाक अजून वर जातं पण पटकन खाली येतं. ३५ ते ४० मध्ये ठिपक्याच्या जरा वर ट्रिम ठेवली तरी शांत, पूर्वी इथे नक्की डुलायची. ट्रिम अजून बाहेर काढली की डुलायला लागते, पण आता एक टिचकी आत घेतली की थांबते, आधीसारखं पार तळापर्यंत जावं लागत नाही. पाणी सीटच्या मागे उडतं, पुढे नाही. वरचा वेग मात्र ६७ वर आला, एक मैल गेला. मेकॅनिक म्हणाला बघ, मी सांगत होतो वजन पुढे नेलं की स्लो होते.

चाइन वॉक थोडा उशिरा सुरू होतो, ६३-६४ च्या पुढे. स्टिअरिंगमध्ये खेळ आहेच, चाक धरून ठेवलं तरी ड्राइव्ह बोटभर हलते. हायड्रॉलिकचं कोटेशन मागवलंय, ते बघून पोटात गोळा आला.

नौशिल्पी

मेकॅनिकचं बरोबर आहे, वजन मागे असलं की वरचा वेग थोडा जास्त मिळतो, म्हणून तर रेसवाले मागे ठेवतात. तुम्हाला रेस करायची नाही. एक मैल जाऊ द्या. स्टिअरिंग होईपर्यंत ६० च्या खाली राहा, आणि माणसं घेऊन जाल तेव्हा जाडजूड पाहुण्यांना मागच्या सीटवर बसवू नका, ते चुकून परत सबवूफरच्या जागी बसतील.

देवबागकर

नौशिल्पी, माझा एक प्रश्न ऱ्हवलो. आमची २१ फुटी बोट, माल-माणसांसकट दीड टन धरा. जुनं इंजिन ७५ किलो, नवीन १०० किलोचं घ्यायचं म्हणतो. पेट्रोलची टाकी ट्रान्समला लागून आहे, ६० लिटरची. किती पुढे सरकवू?

नौशिल्पी

जादा २५ किलो, अंतर गुरुत्वमध्यापासून सव्वादोन मीटर धरू, म्हणजे ५६. भरलेली टाकी ४५ किलो पेट्रोल आणि ५ किलो टाकीची, ५० धरा. ५६ भागिले ५०, सव्वा मीटरला थोडं कमी. पण संध्याकाळी टाकी रिकामी होते तेव्हा तो फायदा पण जातो, म्हणून नांगर आणि दोर कायमचे नाळेतच ठेवा, आणि टाकी मीटरभर आणलीत तरी चालेल. पाईप लांब होईल, त्यावर प्रायमरचा बल्ब (पेट्रोल ओढायचा रबरी फुगा) इंजिनाच्या जवळच राहू द्या.

देवबागकर

देव बरे करो. पावसाळ्यात बोट वर काढली की करतो, आता सीझन चालू आहे.